आपल्या गावचा रस्ता कोण ठरवतो?

पाऊस लागला की आपल्याकडची कितीतरी गावे बेट होऊन बसतात. एका बाजूला वैनगंगा, दुसऱ्या बाजूला प्राणहिता, खाली इंद्रावती. मधल्या नाल्यांची तर गणतीच नाही. भामरागडला पर्लकोटा नदीवरचा जुना ठेंगणा पूल पावसाळ्यात किती वेळा पाण्याखाली जाई, ते तिकडची पोरेही सांगतील. अशा दिवसांत घरात कोणी आजारी पडले तर काय करायचे? खाटेला दोर बांधायचे, त्यातून बांबू घालायचा आणि चौघांनी ती खाट उचलून निघायचे. बाळंतीण असली तर घरच्यांच्या जिवाचे पाणी होते.

एका गावात आम्ही वाचनाचा वर्ग घेत होतो. फळ्यावर शब्द लिहिला, 'रस्ता'. सगळ्यांनी वाचला. मागे बसलेली एक आजी म्हणाली, "वाचता आला, बाबू. पण त्यावरून चालाले कधी भेटन?" सगळे हसले. आजी हसली नाही. मागच्या आखाडात तिच्या सुनेला खाटेवरून न्यावे लागले होते.

आम्ही विचारले, "रस्ता का झाला नाही?" कोणी म्हणाले, आमदारांनी मनावर घेतले नाही. कोणी म्हणाले, जंगलखात्याने अडवला. बहुतेकांचे उत्तर एकच होते. "वरून मंजूर नाही झाला."

हे 'वर' म्हणजे नेमके कोठे? तेथे कोण बसते? तेथपर्यंत आपला शब्द जातो का? आज आपण हेच पाहू.

पैसा कोणाचा?

आधी पैशाचे पाहू. पुष्कळांना वाटते, सरकार आपल्याला रस्ता देते, म्हणजे उपकार करते. तसे नाही.

१९२७ साली, इंग्रजांच्या काळात, देशातल्या रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष होते आपले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. समितीने सांगितले, पेट्रोलवर जादा कर बसवा आणि तो पैसा रस्त्यांसाठी निराळा ठेवा. त्याप्रमाणे १९२९ साली रस्तेनिधी सुरू झाला. आजही पेट्रोल आणि डिझेल यांवर रस्त्यांसाठी उपकर घेतात. तुमच्या पोराने मोटारसायकलीत लिटरभर पेट्रोल घातले की त्यातले काही पैसे तिकडे गेले. ज्याच्याकडे मोटारसायकल नाही तोही देतो. बाजारातले मीठ-तेल ज्या ट्रकमधून येते, तो ट्रक डिझेलवरच चालतो.

प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. तिला पैसा आला तो मुख्यतः डिझेलवरच्या उपकरातून. आता या योजनेत १०० रुपयांपैकी ६० रुपये केंद्र सरकार देते आणि ४० रुपये महाराष्ट्र सरकार देते. २०१५ सालापासून राज्याची मुख्यमंत्री ग्राम सडक योजनाही आहे. म्हणजे रस्ता मागताना हात पसरायचे कारण नाही. आपल्याच पैशाचा हिशेब आपण विचारतो आहोत.

रस्त्याला नंबर असतो

१९४३ सालच्या डिसेंबरात देशातले मोठमोठे रस्ते-अभियंते नागपुरात जमले. त्यांनी वीस वर्षांची योजना केली. तिला 'नागपूर योजना' म्हणतात. शेतीच्या सुधारलेल्या भागात कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून ५ मैलांपेक्षा लांब असू नये, असे त्यांनी ठरवले. राष्ट्रीय महामार्ग, प्रांताचे मार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग, हे वर्ग त्या बैठकीतून आले. योजना चांगली होती. पण ती साहेबांनी साहेबांशी बोलून केली होती. गावातल्या माणसाला विचारायची तेव्हा रीतच नव्हती. आणि 'सुधारलेला भाग' म्हटल्यावर आमचे चांदा जिल्ह्यातले जंगल त्यातून आपोआप सुटले.

आज महाराष्ट्रात राष्ट्रीय महामार्ग, राज्य मार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग असे पाच वर्ग आहेत. शेवटचे दोन जिल्हा परिषदेकडे असतात. प्रत्येक रस्त्याची कागदात नोंद असते, आणि त्याला नंबर असतो. तुमचे आजोबा ज्या वाटेने बैलबंडी नेत, ती वाट शंभर वर्षांची असेल. पण तिला नंबर नसेल तर सरकारच्या लेखी ती वाटच नाही. मग तिच्यावर मुरूम टाकायला पैसा कोठून निघणार?

सरकारच्या हिशेबात खर्चालाही आकडे असतात. रस्ते-पुलांच्या नव्या कामांचा आकडा ५०५४. देखभाल-दुरुस्तीचा ३०५४. पंचायत समितीत साहेब 'पन्नास चोपन्न', 'तीस चोपन्न' असे बोलतात, ते हेच. तुम्ही दुरुस्ती मागायला गेलात आणि ते नव्या कामाचे बोलू लागले, तर तेथेच थांबवा आणि विचारा.

यादी कोठे होते?

आता यादीचे पाहू. जिल्ह्याचा वर्षाचा पैसा कोणत्या कामाला किती द्यायचा, हे जिल्हा नियोजन समितीत ठरते. तिचा कायदा महाराष्ट्रात १९९८ साली झाला. पालकमंत्री तिचे अध्यक्ष असतात. जिल्हाधिकारी सचिव असतात. पण संविधान सांगते की समितीचे पाच भागांतले चार भाग सभासद जिल्हा परिषदेत आणि नगरपालिकांत निवडून आलेल्यांमधून निवडावेत. म्हणजे तुम्ही जिल्हा परिषदेला ज्याला मत दिले, तो किंवा त्याच्यासारखाच कोणी तेथे बसायचा आहे. जिल्हा परिषदेची निवडणूक लांबली की या खुर्च्या रिकाम्या राहतात. २०२२ नंतर अनेक जिल्ह्यांत तसे झाले. त्याचा तोटा कोणाला होतो, ते सांगायला नकोच.

या समितीपर्यंत गावाचा शब्द जायचा, तर त्याची सुरुवात ग्रामसभेत होते. वर्षातून निदान चार ग्रामसभा व्हायला हव्यात. गावच्या विकासाचा आराखडा ग्रामसभेपुढे यावा लागतो. कायद्याने ग्रामसभेच्या आधी बायांची वेगळी सभा घ्यायची असते. ती बहुधा कागदावरच होते. ही गोष्ट आम्हांला लागते. कारण नाल्यावरून पाणी आणणारी, लाकूडफाटा आणणारी, बाळंतपणाला खाटेवर निघणारी बाईच असते. वाट कोठे अडते हे तिला ठाऊक असते.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. आपल्या पंचायती गट-पंचायती. पाच-सहा गावे मिळून एक पंचायत. सभा होते ती सरपंचाच्या गावी. लांबच्या टोल्यावरची माणसे तेथे जात नाहीत, गेली तर बोलत नाहीत, आणि बोलली तर लिहिले जात नाही. गडचिरोलीचा बराचसा भाग आणि चंद्रपूरकडे राजुरा-जिवतीचा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. तेथे १९९६ सालचा पेसा कायदा लागू आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. त्याप्रमाणे एखादा टोला किंवा पाडा स्वतःला निराळे गाव म्हणून जाहीर करून घेऊ शकतो आणि स्वतःची ग्रामसभा भरवू शकतो. त्यासाठी ठराव करून उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. पेसा कायद्याने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. पंचायतीने गावात काम सुरू करण्याआधी त्या कामाला ग्रामसभेची मंजुरी हवी.

लोकसंख्येचेही लक्षात ठेवा. ग्राम सडक योजनेचा चौथा टप्पा २०२४ साली मंजूर झाला. त्यात सपाट भागात ५०० वस्तीचे गाव धरतात. आदिवासी अनुसूचित भागात २५० चे. नक्षलग्रस्त ठरवलेल्या भागात १०० वस्तीचा पाडाही बसतो. मोजणी २०११ च्या जनगणनेची. ५०० मीटरच्या आतले टोले एकत्र मोजता येतात. म्हणजे ६० माणसांचा टोला आणि शेजारचा ५० माणसांचा टोला भांडत बसले तर दोघांनाही रस्ता नाही. एका कागदावर आले तर ११० होतात.

फेरीच्या दिवशी

रस्ता यादीत आला, तरी तो कोठून जाणार हे अजून ठरायचे असते. त्याला आखणी म्हणतात. ग्राम सडक योजनेत आखणी करताना अभियंत्याने गावकऱ्यांबरोबर सगळ्या वाटेने चालायचे असते. सरकारी कागदात याला 'ट्रान्सेक्ट वॉक' म्हणतात. आपण फेरी म्हणू. फेरीची सूचना गावाला आधी द्यायची. सरपंच, पंच, तलाठी आणि वनरक्षक बरोबर हवेत. बायांनाही बोलवायचे. फेरीत काय बोलणे झाले ते लिहायचे, फोटो काढायचे, आणि ते सारे कामाच्या कागदांना जोडायचे.

या दिवशी घरी बसू नये. मोहाची वेचणी असो की रोवणी असो, एक दिवस मोडावा. कारण फेरीच्या दिवशी एका माणसाने नुसते बोट दाखवले, तरी रेघ बदलते. पुढे रोलर आल्यावर शंभर माणसे ओरडली तरी बदलत नाही.

बोट कशाकडे दाखवायचे? मोहाच्या झाडांकडे. एक मोठा मोहा म्हणजे एका घराचे दोन महिन्यांचे मीठ-मिरची. दहा पावले वळण घेतले तर तो वाचतो. पेनठाण्याकडे. बोडीच्या पाळीकडे. आणि मुख्य म्हणजे नाल्याकडे. साहेब बहुधा उन्हाळ्यात येतात. नाला तेव्हा कोरडा असतो. त्यांना तो खड्डा दिसतो. पाणी कोठवर चढते हे तुम्हीच दाखवायचे. झाडावर पुराची खूण असते, ती दाखवा. नुसता रस्ता मागून भागत नाही. कोठे मोरी हवी, कोठे रपटा चालेल आणि कोठे उंच पूलच पाहिजे, हे त्याच दिवशी लिहून घ्यायला लावा. पुलावाचून झालेला रस्ता आठ महिन्यांचा.

आणि एक जपायचे. या योजनेत जमीन विकत घ्यायला पैसा नसतो. शेताची पट्टी लागली तर ती शेतकऱ्याने खुशीने द्यायची असते. खुशीने म्हणजे खुशीने. कोणी कागद पुढे करून सही मागितली, तर पहिल्यांदा तो कागद मोठ्याने वाचायला सांगा. आता तुम्ही स्वतः वाचू शकता, तेव्हा स्वतःच वाचा. ज्याची दोनच एकर आहेत, किंवा ज्याला वनहक्काचा पट्टा मिळालेला आहे, त्याच्या बाजूने गावाने उभे राहावे. रेघ दुसरीकडून नेता येते का, ते पाहावे.

एक हेक्टर म्हणजे किती?

आता जंगलखात्याचे. 'जंगलखात्याने अडवले' असे आपण म्हणतो. कायदा काय म्हणतो?

वनहक्क कायदा २००६ सालचा. त्याच्या कलम ३(२) मध्ये तेरा कामे सांगितली आहेत. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची नळयोजना वगैरे. त्यांत रस्ताही आहे. या कामांना वनजमीन देता येते. पण अटी आहेत. एका कामाला एक हेक्टरपेक्षा कमी जमीन. एका हेक्टरमागे ७५ पेक्षा जास्त झाडे तोडायची नाहीत. आणि ग्रामसभेची शिफारस हवी. ग्रामसभेला निम्मे तरी सभासद हजर हवेत.

हे नीट पाहा. ग्रामसभेने शिफारस केली नाही, तर या कलमाखाली रस्ता होत नाही. म्हणजे 'वर' कोणी तरी आहे असे आपण म्हणत होतो, त्यातली एक पायरी आपल्याच गावात निघाली. कितीतरी गावांत हा ठराव कधी झालाच नाही आणि 'जंगलखात्याने अडवले' हे मात्र वर्षानुवर्षे बोलत राहिले. अडवणूक कधीकधी खरीही असते. पण आपला कागद आधी गेला होता की नाही, हे पाहिल्याशिवाय तसे म्हणता येत नाही.

एक हेक्टर म्हणजे किती? हिशेब करू. एक हेक्टर म्हणजे १०,००० चौरस मीटर, सुमारे अडीच एकर. समजा, रस्त्याला ६ मीटर रुंद पट्टी लागते. १०,००० ला ६ ने भागा. १,६६६ येतात. म्हणजे एका हेक्टरात दीड किलोमीटरहून थोडा जास्त रस्ता बसतो. पट्टी १० मीटर केली, तर एकच किलोमीटर. रुंदी वाढली की लांबी कमी. याहून मोठ्या कामाला १९८० सालचा वनसंवर्धनाचा निराळा कायदा लागतो.

रुंदीचा हा प्रश्न नुसत्या हिशेबाचा नाही. २०२३ सालच्या मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत एटापल्ली तालुक्यात तोडगट्टा येथे अनेक ग्रामसभांचे लोक ठाण मांडून बसले होते. आमच्या डोंगरांत खाणी नकोत, खाणींसाठी मोठे रस्ते नकोत, असे ते सांगत होते. शाळेला, दवाखान्याला जायची वाट त्यांनाही हवी होती. नोव्हेंबरात ते आंदोलन उठवले गेले. पुढे १ जानेवारी २०२५ रोजी त्याच भागातल्या गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी रस्त्याचे उद्घाटन मुख्यमंत्र्यांनी केले, आणि गर्देवाड्याला स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा एस.टी. आली. एस.टी. आल्याचा आनंद खरा. लोकांची शंकाही खरी. आम्हांला वाटते, 'रस्ता हवा की नको' हा प्रश्नच अपुरा आहे. किती रुंद, कोठून, कोणाच्या गाडीसाठी, असे विचारले पाहिजे. आणि ते लोकांना आधी विचारले पाहिजे.

सगळीकडे विचारतातच असे नाही, हेही सांगायला हवे. २०१६ सालच्या डिसेंबरात केंद्र सरकारने नक्षलग्रस्त ४४ जिल्ह्यांसाठी रस्त्यांची एक योजना मंजूर केली. गडचिरोली त्यात होता. त्यातले रस्ते गृहखात्याने राज्यांशी आणि सुरक्षा दलांशी बोलून निवडले. महामार्गाचेही निराळे. जमीन घ्यायची तर आधी सूचना निघते आणि हरकत लेखी द्यायला फक्त २१ दिवस मिळतात. मोठ्या खाणीला जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना निदान ३० दिवस आधी द्यायची असते. या सूचना वर्तमानपत्रात येतात. म्हणून वर्गातल्या एकाने तरी वर्तमानपत्र रोज चाळावे.

फलक वाचा

काम सुरू झाले की रस्त्याच्या कडेला फलक लागतो. आपण त्याला टेकून बिडी ओढतो. तो वाचा. कामाचे नाव, लांबी, खर्च, ठेकेदार, सुरू करायची तारीख, संपवायची तारीख. ग्राम सडक योजनेत कोणत्या थरात किती माल घातला, हेही लोकांना समजेल अशा भाषेत लिहायचे असते. त्या रस्त्याची देखभाल पाच वर्षे त्याच ठेकेदाराने करायची असते. दुसऱ्याच पावसाळ्यात खडी उघडी पडली, तर फलकावरचे नाव आणि तारीख वहीत उतरवून घ्या. अर्ज तिच्यावरून करता येतो. फलक नसेल तर २००५ च्या माहिती अधिकाराने विचारा. १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला १० रुपयेही लागत नाहीत.

पेसा भागात पंचायतीने केलेल्या खर्चाचा दाखला ग्रामसभेकडून घ्यायचा असतो. दाखला देण्याआधी चार माणसांनी जाऊन काम पाहून यावे. धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) गाव आहे. तेथे ग्रामसभेत बहुमताने काही ठरत नाही. सगळ्यांचे एकमत होईपर्यंत बोलतात. वेळ लागतो खरा.

त्या आजीच्या गावी आम्ही वर्गात ठराव लिहायला घेतला. तो असा:

ग्रामसभा, मौजे ........ दिनांक ........
आमच्या टोल्यात ........ घरे व ........ माणसे आहेत. पक्का रस्ता आमच्यापासून ........ किलोमीटर आहे. मध्ये ........ नाला आहे. तो गेल्या पावसाळ्यात ........ दिवस अडला. ........ रोगी खाटेवरून न्यावे लागले. तरी ........ पासून ........ पर्यंत रस्ता व नाल्यावर पूल व्हावा. या रस्त्याला नंबर देऊन तो जिल्हा परिषदेच्या यादीत घ्यावा. वनजमीन लागल्यास वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) प्रमाणे ही ग्रामसभा शिफारस करीत आहे. आखणी ग्रामसभेला दाखवून करावी.
हजर: पुरुष ........ स्त्रिया ........

दोन प्रती करायच्या. एक ऑफिसात द्यायची. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, सही आणि तारीख घेऊन ती गावात ठेवायची. तिला पोच म्हणतात. पोच नसेल तर कागद दिलाच नाही असे समजा.

रिकाम्या जागा भरायला आम्हांला तीन संध्याकाळी लागल्या. नाला किती दिवस अडला, यावरच एक संध्याकाळ गेली. पुरुष म्हणत, वीस. बाया म्हणत, चाळीस. शेवटी कोणाला तरी आठवले की गुरुजी नाल्यापलीकडून येतात. शाळेच्या हजेरीत गुरुजी पाण्यामुळे येऊ न शकलेले दिवस मोजले. एकतीस निघाले. ठरावात एकतीस लिहिले आणि आजीने खाली सही केली.